खडूच्या आधी

‘माय लेफ्ट फूट’ मी पहिल्यांदा पाहिला १९९१ साली, पुण्यात, एका फिल्म क्लबाच्या खेळाला. दादाला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. सिनेमा संपल्यावर सोबतच्या मैत्रिणी डोळे पुसत बाहेर आल्या. माणसाच्या जिद्दीपुढे काही अशक्य नाही, असं एकमेकींना सांगत होत्या. मी गप्प होते. मला आनंद झाला होता, खरोखर झाला होता, आणि तरी छातीत कुणी मूठ आवळून धरावी तसं वाटत होतं. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर ध्यानात आलं की मघापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे: मग दादाचं काय?

देवाधर्माचा जो काही विचार मी आयुष्यात केला तो या एका प्रश्नाला धरून. आता साठी उलटली आहे, तर तो एकदा नीट मांडून पाहते.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी ख्रिस्टी ब्राउनविषयी. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात ५ जून १९३२ रोजी एका गवंड्याच्या घरी तो जन्मला. आई ब्रिजेट. तिला बावीस मुलं झाली, त्यांतली तेरा जगली. क्रमलिन भागातल्या लहानशा घरात इतकी माणसं, आणि त्यांत हा एक मुलगा, ज्याची मान ठरत नाही, हात स्वतःच्या मर्जीनं वळवळतात, तोंडातून शब्द फुटत नाही. सेरेब्रल पाल्सी. डॉक्टरांनी सांगितलं, मुलगा मतिमंद आहे, याच्याकडून आशा ठेवू नका. आईनं ते ऐकून घेतलं आणि मुलाला घरी घेऊन आली. पाच वर्षांचा असताना, डिसेंबरातल्या एका दुपारी, बहीण मोना आणि भाऊ पॅडी पाटीवर गणितं करत बसली होती. ख्रिस्टीनं डावा पाय पुढे केला आणि बहिणीच्या हातातला पिवळा खडू अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत उचलला. घरातले सगळे थबकले. आईनं खडूनं जमिनीवर इंग्रजी ‘ए’ काढला आणि तसाच काढ म्हणाली. पहिल्यांदा जमलं नाही, पुन्हा जमलं नाही, मग जमलं.

त्या पायानं पुढे चित्रं काढली, १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचा काही भाग लिहिला आणि टाइपरायटरच्या कळा दाबून १९७० साली ‘डाउन ऑल द डेज’ ही मोठी कादंबरी पुरी केली. आत्मचरित्राचं नाव ‘माय लेफ्ट फूट’. त्याच नावाचा सिनेमा जिम शेरिडन यांनी १९८९ साली केला.

सिनेमानं त्या दुपारीत एक बदल केला आहे. तिथं मुलगा ‘ए’ काढत नाही. साऱ्या कुटुंबादेखत, दात-ओठ खात, घामाघूम होत तो जमिनीवर ‘मदर’ हा अख्खा शब्द लिहितो. आणि मग आजवर त्याच्याकडे धड न पाहिलेला बाप त्याला उचलून खांद्यावर टाकतो, थेट दारूच्या गुत्त्यात नेतो, आणि सगळ्या गिऱ्हाइकांपुढे जाहीर करतो की हा माझा मुलगा आहे, अलौकिक बुद्धीचा आहे. थिएटरात टाळ्या पडल्या. माझी मूठ आवळली गेली ती तिथं. ‘माझा मुलगा’ हे दोन शब्द त्या बापाच्या तोंडून खडूच्या नंतर आले होते.

दादा १९५७ च्या माघात जन्मला, मिरजेत, आमच्या राहत्या घरी. मी चार वर्षांनी. त्यालाही तेच होतं जे ख्रिस्टीला. फक्त दादानं कधी खडू उचलला नाही. पायानं नाही, हातानं नाही, तोंडानं नाही. आईनं प्रयत्न केला नाही असं नव्हे. ती त्याच्या मुठीत पाटीवरची पेन्सिल कोंबायची, पुढ्यात अंगारा पसरून त्याचं बोट धरून ‘श्री’ गिरवायची. बोट सोडलं की हात उडायचा आणि अंगारा त्याच्या आणि तिच्या डोळ्यांत जायचा. सव्वीस वर्षांत तो एक शब्द बोलला नाही. त्याला किती कळत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तो हसायचा. अण्णांची, म्हणजे वडिलांची, सायकल गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्याआधी त्याला कळायचं आणि तो मान त्या बाजूला नेऊ पाहायचा. न्यायची इतकी ओढ की मान भलतीकडेच जायची. एवढंच माझ्यापाशी आहे. याच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

‘का’ हा प्रश्न आम्ही विचारायच्या आधीच लोक उत्तर घेऊन यायचे. मागल्या जन्मीचं. कुणाचं, यावर मात्र मतं वेगळी असायची. कुणी म्हणे त्याचंच पाप, भोगून संपवतोय बिचारा. कुणी आईला आडून विचारी, पोटुशी असताना काही शिवलं होतं का, ग्रहणात भाजी चिरली होती का, कुळाचार राहिला होता का. ही माणसं दुष्ट नव्हती. याच बायका आईला ताप आला की भाकरी-कालवण आणून द्यायच्या. कर्माचा सिद्धांत त्यांच्यासाठी एक आधार होता: या जगात अकारण काही घडत नाही, कुठंतरी हिशेब ठेवला जातो आहे. त्या आधाराची गरज मला समजते. हिशेबच नाही असं मानून जगणं फार अवघड आहे. पण तो हिशेब आमच्या घरी एका पोराच्या नावावर मांडला जात होता, ज्याला बोट धरून ‘श्री’ काढता येत नव्हता, आणि त्याच्या आईच्या नावावर, जी रात्रीतून चार वेळा उठून त्याची कूस बदलत होती.

पुढे कॉलेजात असताना मी कारण शोधून काढलं. एका डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं. दादाला जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ झाली होती, गडद, तळव्यांपर्यंत उतरलेली. रक्तातलं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य फार वाढलं तर तान्ह्या बाळाच्या मेंदूत उतरतं आणि हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रं कायमची दुखावतं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी कित्येक वर्षं आईला सांगितली नाही. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात एक सिस्टर तान्ह्या बाळांना उन्हात फिरवायची. तिच्या लक्षात आलं की उन्हं लागलेल्या बाळांचा पिवळेपणा उतरतो. तिथल्या डॉक्टरांनी त्यावरून शोध घेतला आणि १९५८ साली प्रकाशाच्या उपचाराचा निबंध प्रसिद्ध झाला. आज जिल्ह्याच्या कुठल्याही इस्पितळात काविळीची बाळं निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून निजलेली दिसतात. दादा १९५७ चा. आणि आमच्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी. दहा दिवस दाराला चादर, खिडकीला गोणपाट, आत फक्त शेगडीचा लालसर उजेड. नजर लागू नये, वारा लागू नये म्हणून.

तेव्हा पाप नव्हतं, बिलिरुबिन होतं. हे कळल्यावर आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग हळूहळू उमगलं की कारण कळलं म्हणून ‘का’ संपत नाही. विज्ञानानं मला कसं घडलं ते सांगितलं. त्याच महिन्यात गल्लीत आणखी तीन बाळं अंधाऱ्या खोल्यांत जन्मली होती, ती धावत मोठी झाली. दादाच का, याचं उत्तर त्या बाईंच्या पुस्तकात नव्हतं. कर्माचा सिद्धांत नेमकं त्या मोकळ्या जागेवर येऊन बसतो. जागा मोकळी ठेवण्याचं बळ आमच्यात नसतं, म्हणून आम्ही ती त्याला बसायला देतो.

मिरजेत मिशनचा दवाखाना जुना, त्यामुळे आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरं होती. एक नर्सबाई आईच्या मैत्रीण होत्या. त्यांनी एका दुपारी योहानाच्या शुभवर्तमानातली जन्मांध माणसाची गोष्ट सांगितली. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? मी लहान होते, पण दचकले. हा तर आमच्याच ओट्यावरचा प्रश्न! येशू म्हणतो, याच्याही नाही आणि आईबापांच्याही नाही. आईनं तेव्हा हातातलं निवडायचं सूप खाली ठेवलं, हे मला लख्ख आठवतं. असं तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पण गोष्ट तिथं थांबत नाही. येशू पुढे म्हणतो की देवाची कृत्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून हा असा जन्मला. मग तो थुंकीनं माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो, शिलोहाच्या तळ्यावर धुऊन यायला सांगतो आणि माणसाला दिसू लागतं. मोठी झाल्यावर मी हे पुनःपुन्हा वाचलं आणि दर वेळी त्या दुसऱ्या वाक्याशी अडले. पाप काढून घेतलं आणि त्या जागी हेतू ठेवला. आंधळा माणूस काहीतरी दाखवण्यासाठी आंधळा होता. मग ज्यांच्यावर चिखल लावला गेला नाही, जे तळ्यापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांच्या ठायी काय दिसावं अशी योजना होती?

मला भीती वाटते की सिनेमासुद्धा हेच करतो, फक्त देवाच्या जागी तिथं कला असते. हा मुलगा असा जन्मला, पण बघा, त्यानं चित्रं काढली, पुस्तक लिहिलं! जणू कुणीतरी या देहाची किंमत मागितली होती आणि ख्रिस्टीनं ती डाव्या पायानं चुकती केली. यात ख्रिस्टीचा दोष नाही. त्याला लिहायचं होतं म्हणून त्यानं लिहिलं, कुठल्याही लेखकासारखं. दोष आमच्या टाळ्यांत आहे. गुत्त्यातला बाप आमच्या सगळ्यांच्या आत बसलेला आहे.

हा हिशेब कुठवर जातो ते ख्रिस्टीच्या डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. रॉबर्ट कॉलिस हे डब्लिनचे बालरोगतज्ज्ञ, नाटककारही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी त्यांनी डब्लिनमध्ये उपचारकेंद्र काढलं आणि ख्रिस्टीला लिहायला त्यांनीच शिस्त लावली. हे गृहस्थ १९४५ साली रेड क्रॉसबरोबर बेल्सनच्या छळछावणीत गेले होते, आणि तिथल्या काही अनाथ मुलांना सोबत घेऊन आयर्लंडला परतले. जर्मनीत सामूहिक हत्येची सुरुवात मृत्युछावण्यांच्याही आधी अपंगांपासून झाली होती. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांतच इस्पितळांतल्या आणि आश्रमांतल्या सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसांना विषारी वायूनं मारलं गेलं. मुलांना मारणं तर १९३९ पासूनच चालू होतं. त्यांच्यावर शिक्का होता: जगण्यास अपात्र. ख्रिस्टी त्या वेळी सात-आठ वर्षांचा होता, डब्लिनच्या गल्लीत भावांनी ओढलेल्या मोडक्या गाड्यात बसून फिरत होता. दादासारखी मुलं त्या यादीत सर्वांत वर असणार. आमच्या ओट्यावरच्या बायका आणि ती यादी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मी जाणते. त्या बायकांनी दादाच्या तोंडात घास घातला आहे. पण जगण्याचं कारण दाखवा, असं एकदा एखाद्या जिवाकडे मागायला लागलं की मागणी कुठं थांबेल ते मागणाऱ्याच्या हाती राहत नाही.

आमच्याकडे एक काका यायचे, वेदान्ताचे अभ्यासक. ते आईला समजावत, वहिनी, हे सगळं देहाचं आहे, आत्म्याला काय झालंय? तो आतला आहे तसा पूर्ण आहे. आई मान डोलवायची आणि दादाच्या हनुवटीवरची लाळ पुसायची. मला तेव्हा काकांचं म्हणणं पटायचं. ख्रिस्टीचं पुस्तक वाचल्यावर पटेनासं झालं.

पुस्तकात एक प्रसंग आहे. लंडनच्या तज्ज्ञ बाई आयरीन कॉलिस ख्रिस्टीला तपासतात आणि सांगतात की तू सुधारशील, पण एका अटीवर. डावा पाय वापरणं सोडायचं, कायमचं. त्या पायानं काम करताना बाकीचं सारं अंग ताणलं जातं, पिळवटतं. ते थांबल्याशिवाय दुसरे स्नायू सुटे होणार नाहीत. वैद्यक म्हणून हे बरोबर होतं. पण विचार करा, काय मागितलं जात होतं! त्या पायाखेरीज त्याचं जगात काहीच नव्हतं. तो कबूल होतो. पायात बूट घालतो, भावांना मजकूर सांगतो, ते लिहून घेतात. आणि मग एका वेळी, मनातलं भावाच्या लेखणीत उतरत नाही म्हणून जीव कासावीस होतो, तो बूट आणि मोजा ओरबाडून काढतो, पायाच्या बोटांत पेन्सिल धरतो आणि लिहीत सुटतो.

काकांचा आत्मा त्या क्षणी कुठं होता? मला वाटतं, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मध्ये. देहाला वगळून आत कुठंतरी पूर्ण बसलेला ख्रिस्टी नव्हताच. सिनेमात तो आपल्या डॉक्टरणीच्या प्रेमात पडतो आणि ती दुसऱ्याशी लग्न करणार हे हॉटेलातल्या टेबलावर कळतं, तेव्हा तो ज्या शब्दांत फुटतो त्यांचा अर्थ हाच आहे की देहाला टाळून केलेलं उदात्त प्रेम मला आयुष्यभर मिळालं, मला ते नको. तो प्रसंग बघवत नाही, इतका खरा आहे. अपंगाचा आत्मा पूर्ण आहे असं म्हणून आपण त्याच्या देहाकडे पाहण्यातून सुटका करून घेतो. दादाचं हसणं पत्र्यावरच्या पावसाशी जोडलेलं होतं, पत्रा कानांशी, कान त्या न ठरणाऱ्या मानेशी. त्यातून मान वजा केली तर माझा दादा उरत नाही.

डॅनियल डे-लुईस यानं चित्रीकरणाच्या काळात व्हीलचेअर सोडली नाही, सेटवरची माणसं त्याला चमच्यानं भरवायची, हे तेव्हा पुष्कळ छापून आलं होतं. त्याला ऑस्कर मिळालं, आईचं काम करणाऱ्या ब्रेंडा फ्रिकर यांनाही मिळालं. पण मला दुसरीच एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पायाच्या बोटांनी करायची कामं त्याला उजव्या पायानंच जमत होती, म्हणून बरेच प्रसंग आरशातून टिपावे लागले. ख्रिस्टीचा डावा पाय म्हणून आपण जो पाहतो तो कित्येक ठिकाणी एका धडधाकट माणसाचा आरशातला उजवा पाय आहे. मी त्या नटाला मनापासून मानते. तरी दादाच्या वाटेनं जाऊन मला जे दिसत नाही, ते त्यालाही आरसा धरूनच पाहावं लागलं.

धर्मांच्या गोष्टींत अशा माणसांना शेवटी बहुधा पाण्यावर नेतात. ख्रिस्टी तरुणपणी लूर्दला गेला होता. फ्रान्समधल्या या गावी १८५८ साली बर्नादेत सुबिरू नावाच्या मुलीला गुहेपाशी मरियेचं दर्शन झालं आणि झरा फुटला. तेव्हापासून कोट्यवधी माणसं तिथं गेली. चर्चनं तपासून चमत्कार म्हणून मान्य केलेले प्रसंग सत्तरच्या आसपास आहेत. ख्रिस्टी त्यांत नाही. महाभारतात अष्टावक्राची गोष्ट आहे. बापाच्या वेदपठणात चूक काढली म्हणून रागावलेल्या बापानं पोटातल्या बाळाला शाप दिला आणि मूल आठ ठिकाणी वाकडं जन्मलं. त्याच मुलानं पुढे जनकाच्या यज्ञात वादविवाद जिंकून बापाला सोडवलं. मग बाप त्याला समंगा नदीत स्नान करायला सांगतो आणि पोराचं अंग सरळ होतं. पुन्हा तोच गुत्त्यातला बाप, मला आता सगळीकडे दिसतो. आम्हीही पौर्णिमेला दादाला नरसोबाच्या वाडीला न्यायचो, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. अण्णा त्याला पाठुंगळी घेऊन घाट उतरायचे. आई ओंजळीनं पाणी घेऊन त्याच्या हातापायांवर सोडायची, एकेका सांध्यावर, आणि वाट बघायची. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यातही आम्ही त्याला नेलं आहे. तिथला मोरपिसाचा स्पर्श दादाला आवडायचा.

एकच गोष्ट मला माहीत आहे जिच्यात माणूस पाण्यापर्यंत पोचत नाही. ती आजीची. आजी बार्शी लाइटच्या चिमुकल्या गाडीनं मिरजेहून पंढरपूरला जायची आणि परत आली की दादाला मांडीवर घेऊन कूर्मदासाची कथा सांगायची, आम्हाला नाही, त्यालाच. पैठणचा कूर्मदास, हात नाहीत, पाय नाहीत. कीर्तनात पंढरीची महती ऐकली आणि निघाला, पोटावर सरपटत. गावोगावच्या लोकांनी घास भरवला, पाणी पाजलं. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी एकादशी, पुढे जाणं होईना. त्यानं वारकऱ्यांच्या हाती निरोप धाडला. आणि विठोबा उठून लऊळला आला.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, मग देवानं त्याला हातपाय दिले का? आजी म्हणाली, नाही. मी म्हटलं, का नाही दिले? ती म्हणाली, ‘अगं, देव आला ना.’ मला ते उत्तर तेव्हा फार अपुरं वाटलं होतं.

आता वाटत नाही. या गोष्टीत कूर्मदास असा का जन्मला हे कुणी विचारत नाही, पाप नाही, शाप नाही, देवाचं कृत्य दिसावं म्हणूनही नाही. त्याला सरळही केलं जात नाही. ज्याला चालता येत नाही त्याच्याकडे ज्याला चालता येतं त्यानं जायचं, एवढंच घडतं. काही वर्षांपूर्वी मी लऊळला जाऊन आले. मंदिरात गर्दी नव्हती. मी बराच वेळ भिंतीला टेकून बसले आणि ब्रिजेट ब्राउनचाच विचार करत होते. ख्रिस्टीला स्वतंत्र खोली हवी होती. नवरा म्हणाला पैसे नाहीत. तेव्हा ती परसात एकटी विटा रचायला लागली, तिच्या अंदाजानं, वेड्यावाकड्या. तिला बांधकाम येत नव्हतं. गवंडी नवऱ्याला ती भिंत बघवेना, तो आणि मुलगे पुढे झाले आणि खोली उभी राहिली. सिनेमात हा प्रसंग आहे. त्या बापाला मी त्या विटांसाठी माफ केलं. आमच्या अण्णांनी कधी कुणाला ‘हा माझा मोठा’ म्हणून दादाची ओळख करून दिली नाही. माझ्या लग्नात तो मागच्या खोलीत होता आणि दाराला कडी होती, ते मी विसरू शकत नाही. पण सुताराकडे तीन वेळा खेपा घालून, मापं बदलून बदलून, दादा घसरणार नाही अशी सागवानी खुर्ची त्यांनीच करवून आणली. मानेला दोन्ही बाजूंनी आधार, पुढे आडवी पट्टी, आणि पट्टीला रुजाम्याचं कापड, गळा काचू नये म्हणून.

मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी आपल्या मुलीसारख्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे एका बोटानं टाइप करत लेखिका झाली. दादा त्या वर्षी पंधराचा होता. मिरजेहून मुंबई लांब होती. शाळा असती तर त्याचा खडू सापडला असता का? कदाचित. मी हा विचार फार काळ करत नाही, कारण तो करू लागले की मीही त्या गुत्त्यात जाऊन उभी राहते.

ख्रिस्टीनं १९७२ साली मेरी कार हिच्याशी लग्न केलं आणि १९८१ च्या सप्टेंबरात, एकोणपन्नासाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये जेवताना घास अडकून तो गेला. सिनेमा तिथवर जात नाही. मला मात्र ते समजलं तेव्हा मी हातातला चमचा खाली ठेवला होता. प्रत्येक घास देताना आई दादाचा गळा बोटांनी चोळायची, गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरा घास द्यायची नाही. एका जेवणाला तास लागायचा. दिवसाला दोन जेवणं, सव्वीस वर्षं.

१९९४ साली मी पुण्याहून त्या सिनेमाची कॅसेट आणली आणि मिरजेत आईला दाखवली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मी शेजारी बसून सांगणार होते. सुरुवातीलाच पडद्यावर नुसता पाय येतो, बोटांनी तबकडी उचलतो, ग्रामोफोनवर ठेवतो, सुई टेकवतो. गाणं सुरू होतं. मी आईकडे पाहत होते. तिला काय वाटेल याची मला धास्ती होती. ती पुढे वाकली, चष्मा पदरानं पुसून पुन्हा लावला आणि त्या पायाकडे बघत म्हणाली, ‘नखं कोण काढतं गं याची?’

मी कॅसेट थांबवली. दर रविवारी, दादा झोपल्यावर, ती त्याचा पाय मांडीवर घेऊन बसायची. जागेपणी पाय उडायचा, म्हणून झोपल्यावर. हातात अण्णांच्या दाढीच्या पेटीतली लहान कात्री. एक नख कापलं की थांबायची, त्याचा श्वास ऐकायची, मग दुसरं. दिवा जवळ धरायला मी.